शीत संमीलनाच्या प्रयोगात उष्णता आणि न्यूट्रॉन कसे मोजावेत

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील यूटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली. जड पाण्यात, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) असलेल्या पाण्यात, बुडवलेल्या पॅलेडियमच्या कांडीतून दीर्घकाळ वीज वाहू दिली की आत घातलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त उष्णता बाहेर पडते आणि तिचे मूळ ड्यूटेरियमच्या केंद्रकांच्या संमीलनात, म्हणजे ती एकत्र जुळण्यात, आहे, असा त्यांचा दावा होता. नेहमीच्या तापमानाला घडणाऱ्या अशा संमीलनालाच शीत संमीलन म्हणतात. त्याच सुमारास शेजारच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात स्टीव्हन जोन्स जवळजवळ तशाच मांडणीतून बाहेर पडणारे अगदी थोडे न्यूट्रॉन मोजत होते आणि जास्तीच्या उष्णतेचा कोणताही दावा करत नव्हते. एका गटाकडे उष्णता, दुसऱ्याकडे न्यूट्रॉन, आणि दोन्ही आकड्यांचा परस्परांशी मेळ नाही, हीच या विषयाची खरी अडचण आहे. असा प्रयोग स्वतः करणाऱ्यांसाठी आणि दुसऱ्याच्या प्रयोगाचा अहवाल तपासणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

आधी कागदावरचा हिशेब

उपकरण जोडण्यापूर्वी एक आकडा पाठ असावा. ड्यूटेरियमची दोन केंद्रके एकत्र आली तर जवळपास निम्म्या वेळा हीलियम-३ आणि न्यूट्रॉन मिळतात व ३.२७ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा सुटते. उरलेल्या निम्म्या वेळा ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार) आणि प्रोटॉन मिळतात व ४.०३ एमईव्ही ऊर्जा सुटते. हीलियम-४ आणि २३.८ एमईव्हीचा गॅमा किरण देणारी तिसरी वाट इतकी दुर्मीळ आहे की साधारण दहा लाख ते एक कोटी घटनांमागे एकदाच ती घडते. पहिल्या दोन वाटांची सरासरी धरली तर एक वॉट शक्तीसाठी सेकंदाला सुमारे १ लाख ७० हजार कोटी संमीलने घडली पाहिजेत आणि त्यातून सुमारे ८५ हजार कोटी न्यूट्रॉन बाहेर पडले पाहिजेत. यातील प्रत्येक न्यूट्रॉनची ऊर्जा जन्मतः २.४५ एमईव्ही असते.

एवढ्या न्यूट्रॉनांपासून एक मीटर अंतरावर, मध्ये कोणताही आडोसा न घेता उभ्या राहिलेल्या माणसाला अर्ध्या तासाच्या आसपास प्राणघातक मात्रा मिळेल. यूटातील प्रयोगकर्ते मात्र वॉटच्या मापाची उष्णता सांगत असतानाही धडधाकट होते, आणि त्यांनी स्वतः दिलेला न्यूट्रॉनांचा आकडा सेकंदाला सुमारे ४० हजारांचा होता. म्हणजे उष्णतेच्या मानाने न्यूट्रॉन कोट्यवधी पटींनी कमी होते. यावरून दोनच निष्कर्ष निघू शकतात. एक तर उष्णतेचा उगम आपल्याला ठाऊक असलेल्या ड्यूटेरियम संमीलनात नाही, किंवा उष्णतेच्या मापनातच चूक आहे. यांपैकी काय खरे, हे ठरवण्यासाठी दोन्ही राशी एकाच पात्रावर, एकाच वेळी मोजाव्या लागतात. सोमवारच्या पात्राची उष्णता आणि गुरुवारच्या दुसऱ्या पात्राचे न्यूट्रॉन शेजारी ठेवून काहीही सिद्ध होत नाही.

पात्र आणि त्याची जोडपात्रे

मूळ मांडणी साधी आहे. काचेचे पात्र, पॅलेडियमचे ऋणाग्र, त्याभोवती गुंडाळलेली प्लॅटिनमच्या तारेची धनाग्रजाळी, आणि लिथियम मिसळून वाहक केलेले जड पाणी, बहुधा ०.१ मोलर तीव्रतेचे. जड पाणी हवेतील बाष्प चटकन शोषते आणि साध्या हायड्रोजनने दूषित होते, म्हणून पात्राला कोरड्या वायूचा पडदा किंवा बुडबुड्यांची कुपी जोडावी. भारतात जड पाणी हा अणुऊर्जा कायद्याखालील नियंत्रित पदार्थ आहे. रायगड जिल्ह्यातील थळ येथे ते मोठ्या प्रमाणावर तयार होत असले तरी ते बाजारातून आणण्याचा विचार कोणी करू नये. संस्थेमार्फत रीतसर परवानगी घ्यावी. शोधक तपासायला लागणाऱ्या न्यूट्रॉन स्रोतासाठीही अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते.

एका पात्रावर प्रयोग करू नये, किमान तीन पात्रे चालवावीत. पहिल्यात पॅलेडियम आणि जड पाणी, दुसऱ्यात पॅलेडियम आणि साधे पाणी, तिसऱ्यात प्लॅटिनमचे ऋणाग्र आणि जड पाणी असावे. तिन्ही पात्रे एकाच वीजपुरवठ्याने, एकसर जोडणीत चालवली तर तिन्हींतून तोच प्रवाह वाहतो आणि तुलना सोपी होते. १९८९ च्या मूळ लेखात साध्या पाण्याच्या पात्राची तुलना नव्हती, आणि त्यावर झालेली टीका रास्तच होती.

पॅलेडियममध्ये ड्यूटेरियम किती शिरले याची नोंदही हवी, कारण जास्तीच्या उष्णतेचा दावा करणारे गट प्रत्येक पॅलेडियम अणूमागे ०.९ किंवा त्याहून अधिक ड्यूटेरियम अणू भरल्याचा आग्रह धरतात. कांडीचा विद्युतरोध मोजून हे प्रमाण काढतात. भरणी वाढते तसा रोध वाढत जातो, मूळच्या सुमारे दुपटीवर पोचतो आणि नंतर पुन्हा उतरू लागतो. तोच रोध चढणीवर आणि उतरणीवर असा दोनदा दिसत असल्याने पहिल्या दिवसापासूनची अखंड नोंद नसेल तर वाचन निरुपयोगी ठरते.

सुरक्षेबाबत एक गोष्ट. १९९२ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेत अशाच एका बंद पात्राचा स्फोट होऊन एका संशोधकाचा मृत्यू झाला. ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण बंद जागेत साठू देणे म्हणजे बॉम्ब तयार करणे होय. बंद पात्राला दाब मोकळा करणारी झडप, भोवती जाड पॉलिकार्बोनेटचा आडोसा आणि दाब ठरावीक मर्यादेवर जाताच वीज तोडणारी व्यवस्था असल्याशिवाय कळ दाबू नये.

उष्णतेची जमाखर्च वही

उष्णतेचे मापन हे मुळात हिशेबनिसाचे काम आहे. पात्रात किती शक्ती गेली आणि किती बाहेर आली, या दोन मोठ्या आकड्यांतील लहान वजाबाकी आपल्याला हवी असते, आणि वजाबाकीत दोन्ही बाजूंच्या चुका एकत्र येतात.

उघड्या पात्रात, म्हणजे जिथे तयार झालेले वायू बाहेर जाऊ दिले जातात तिथे, दिलेली सगळी विद्युतशक्ती उष्णता होत नाही. जड पाण्याचे रेणू फोडण्यात जी ऊर्जा जाते ती वायूंबरोबर पात्र सोडते. तिचा हिशेब १.५४ व्होल्ट या उष्मासम विभवाने करतात. साध्या पाण्यासाठी हा आकडा १.४८ आहे. पात्रावरील विभवातून १.५४ वजा करून बाकीला प्रवाहाने गुणले की उष्णता म्हणून अपेक्षित शक्ती मिळते. समजा प्रवाह अर्धा अँपिअर आणि विभव ५ व्होल्ट आहे. एकूण शक्ती २.५ वॉट, वायूंबरोबर जाणारी ०.७७ वॉट, म्हणून पात्रात उरणारी उष्णता १.७३ वॉट.

येथेच सर्वांत मोठा सापळा आहे. हे ०.७७ वॉट बाहेर जातात असे आपण गृहीत धरतो. पण काही ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन पात्रातच, ऋणाग्राच्या पृष्ठभागावर किंवा द्रवाच्या वरच्या उघड्या प्लॅटिनमच्या तारेवर, पुन्हा एकत्र येऊन पाणी झाले तर त्यांची ऊर्जा पात्रातच राहते. केवळ दहा टक्के वायूंचा असा पुनःसंयोग झाला तरी ०.०७७ वॉट, म्हणजे अपेक्षित उष्णतेच्या साडेचार टक्के, फुकटचा नफा दिसतो, आणि सगळ्याच वायूंचा झाला तर नफा ४४ टक्क्यांचा दिसेल. स्टीव्हन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे १९९५ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला, की प्रवाहाचे वायूत होणारे रूपांतर शंभर टक्के नसेल तर जास्तीच्या उष्णतेचे अनेक दावे त्यातूनच समजावता येतात.

यावरचा उपाय स्वस्त आहे. अर्ध्या अँपिअरच्या प्रवाहाने दिवसाला सुमारे ४ मिलिलिटर जड पाणी फुटले पाहिजे. दररोज पात्रात किती जड पाणी वरून भरावे लागले ते सूक्ष्म पिचकारीने मोजून लिहावे. बाष्पीभवनाचा वाटा धरूनही भर कमी लागत असेल तर तेवढा पुनःसंयोग होत आहे. बाहेर जाणारे वायू शीतनलिकेतून नेऊन त्यांचे आकारमानही मोजले तर दुहेरी ताळा मिळतो. पात्र उत्कलनबिंदूजवळ पोचले की बाष्पीभवनाचा हिशेब बेभरवशाचा होतो, आणि उकळत्या पात्रातून मोठा नफा दाखवणाऱ्या अहवालांकडे मी याच कारणाने साशंकतेने पाहतो. बंद पात्रात उत्प्रेरक ठेवून सर्व वायूंचा मुद्दाम पुनःसंयोग घडवला तर हा वादच संपतो, कारण मग आत गेलेली शक्ती म्हणजे विभव गुणिले प्रवाह, इतका सरळ हिशेब उरतो. मात्र उत्प्रेरक ओला होऊन बंद पडला की वर सांगितलेला स्फोटाचा धोका समोर उभा राहतो.

बाहेर येणारी उष्णता मोजण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत पात्र स्थिर तापमानाच्या पाण्याच्या हौदात ठेवून आत-बाहेरच्या तापमानातील फरक मोजतात आणि आधी काढलेल्या स्थिरांकाने त्याचे शक्तीत रूपांतर करतात. फ्लाइशमन आणि पॉन्स यांची पद्धत ही होती. तिचा कमकुवतपणा असा की एकाच जागी ठेवलेला तापमापी संपूर्ण द्रवाचे तापमान सांगतो, हे गृहीत धरावे लागते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील नेथन लुइस यांच्या गटाने १९८९ मध्ये दाखवले, की द्रव नीट ढवळला जात नसेल तर पात्रात वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे तापमान राहते, आणि तापमापीची जागा बदलली की नफा दिसतो किंवा नाहीसा होतो. म्हणून पात्रात निदान तीन थर्मिस्टर (विद्युतरोधावरून तापमान सांगणारे तापमापी) वेगवेगळ्या खोलीवर ठेवावेत, ढवळणीची व्यवस्था असावी आणि ढवळणीच्या मोटरने द्रवाला दिलेली उष्णताही हिशेबात धरावी. द्रवाची पातळी घटली की स्थिरांकही बदलतो, याची आठवण ठेवावी.

दुसऱ्या पद्धतीत पात्राभोवती पाणी वाहते ठेवून, पाण्याच्या वस्तुमानाचा प्रवाह, त्याची विशिष्ट उष्मा आणि आत-बाहेरच्या तापमानातील वाढ यांचा गुणाकार करतात. एसआरआयमधील मायकल मॅककुब्रे यांनी ही पद्धत वापरली, आणि माझ्या मते नव्याने सुरू करणाऱ्याने हीच निवडावी. सेकंदाला एक ग्रॅम पाणी वाहत असेल तर १० वॉट उष्णतेने त्याचे तापमान सुमारे २.४ अंशांनी वाढते, आणि तापमानात ०.०१ अंशाची चूक झाली तर शक्तीत सुमारे ४२ मिलिवॉटची चूक होते. पाण्याचा प्रवाह मापकाच्या आकड्यावर विसंबून न ठेवता, बाहेर पडलेले पाणी संवेदनशील तराजूवर साठवून त्याचे वजन वेळेबरोबर नोंदवावे. तराजू खोटे बोलत नाही असे नाही, पण त्याचा खोटेपणा पकडणे सोपे असते.

कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे ज्ञात उष्णतेवर मापन पडताळण्यासाठी, पात्रात ज्ञात रोधाचा एक तापक बसवावा आणि तो केवळ प्रयोगाच्या आधी नव्हे तर चालू प्रयोगातही, दर दोन-तीन दिवसांनी, ठरावीक शक्तीवर काही तास चालवावा. ऋणाग्रावर बुडबुडे उठत असताना विभव सतत थरथरते, म्हणून विभव आणि प्रवाह यांच्या वेगवेगळ्या सरासरींचा गुणाकार करण्याऐवजी क्षणोक्षणी गुणाकार करून मग सरासरी काढावी. आणखी एक काळजी अशी, की पॅलेडियममध्ये ड्यूटेरियम शिरताना उष्णता बाहेर पडते आणि ते बाहेर येऊन ऑक्सिजनशी जळले की आणखी उष्णता मिळते. एखाद्या तासाचा नफा हा आधीच्या आठवड्यात साठवलेली ठेव असू शकतो. म्हणून पहिल्या मिनिटापासूनची संपूर्ण ऊर्जा बेरीज करत न्यावी आणि नफा त्या बेरजेवर सांगावा.

न्यूट्रॉन मोजताना

उष्णतेत अडचण वजाबाकीची असते, न्यूट्रॉनांमध्ये ती पार्श्वभूमीची, म्हणजे पात्र नसतानाही येत राहणाऱ्या न्यूट्रॉनांची, असते. वैश्विक किरणांमुळे समुद्रसपाटीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला सुमारे ०.०१ न्यूट्रॉन सतत कोसळत असतात. हवेचा दाब एक मिलिबारने घटला की ही संख्या सुमारे ०.७ टक्क्याने वाढते. आपल्या पट्ट्यात हवेचा दाब रोज दोनदा चढतो व उतरतो, आणि सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात पार्श्वभूमी मुंबईच्या साधारण दीडपट निघेल. म्हणून न्यूट्रॉनांच्या नोंदीशेजारी दाबमापीची नोंद नसेल तर ती नोंद अपुरी समजावी. जोन्स यांनी पुढे आपली मापने जपानमधील कामिओका खाणीत नेली ती याच पार्श्वभूमीपासून दूर जाण्यासाठी.

शोधक म्हणून हीलियम-३ भरलेल्या नळ्या सर्वांत सोयीच्या आहेत. त्या मंद न्यूट्रॉनच पकडतात, म्हणून त्यांच्याभोवती काही सेंटिमीटर जाडीच्या पॉलिथिलीनचा मंदायक लागतो. न्यूट्रॉन पकडला गेला की ०.७६४ एमईव्ही ऊर्जा सुटते आणि वर्णपटात, म्हणजे ऊर्जेनुसार मोजण्यांच्या आलेखात, तिचे ठळक शिखर दिसते. शिखर दिसते आहे तोवरच नळी न्यूट्रॉन मोजत आहे. केवळ एकूण मोजणीचा आकडा दाखवणाऱ्या यंत्रावर विश्वास ठेवू नये. मंदायकामुळे न्यूट्रॉनची मूळ ऊर्जा कळत नाही. ती हवी असेल तर द्रव सिंटिलेटर (कण आदळताच क्षणिक प्रकाश देणारा द्रव) वापरून, स्पंदाच्या आकारावरून गॅमा वेगळे काढून, २.४५ एमईव्हीची मर्यादा शोधावी लागते.

जॉर्जिया टेकमधील गटाने एप्रिल १९८९ मध्ये न्यूट्रॉन सापडल्याचे जाहीर केले आणि काही दिवसांतच दावा मागे घेतला, कारण त्यांचा बोरॉन ट्रायफ्लोराइडचा शोधक उष्णतेला प्रतिसाद देत होता. शोधक तापत्या पात्राजवळ नेला की मोजणी वाढायची. चूक कबूल करण्याची त्यांची तत्परता कौतुकास्पद होती, पण ती चूक आजही होऊ शकते. पावसाळ्यात कोकणपट्टीवर तर आणखीच, कारण उच्च विभवाच्या जोडणीवर ओलावा बसला की बारीक ठिणग्या उडतात आणि त्यांची स्पंदे न्यूट्रॉनांसारखी दिसतात. जोडण्या सिलिका जेल भरलेल्या बंद पेटीत ठेवाव्यात, शोधकाशेजारी तापमान आणि आर्द्रता नोंदवावी, आणि गरम पाण्याने भरलेले नुसतेच एक पात्र शोधकाजवळ ठेवून मोजणी हलते का ते आधीच पाहावे. न्यूट्रॉनांचे झोत आढळल्याचा दावा करायचा असेल तर एकमेकांपासून स्वतंत्र वीजपुरवठा असलेले किमान दोन शोधकसमूह हवेत, आणि झोत दोन्हींत एकाच क्षणी दिसला पाहिजे.

शोधकाची कार्यक्षमता, म्हणजे पात्रातून निघालेल्या न्यूट्रॉनांपैकी किती मोजले जातात, हे काढण्यासाठी कॅलिफोर्नियम-२५२ चा लहान स्रोत नेमका पात्राच्या जागी, जड पाणी आणि हौद जागेवर असताना, ठेवावा. त्याच्या न्यूट्रॉनांची सरासरी ऊर्जा २ एमईव्हीच्या किंचित वर असल्याने तो आपल्या कामासाठी अमेरिशियम-बेरिलियमपेक्षा जवळचा आहे. समजा कार्यक्षमता १० टक्के आणि पार्श्वभूमी तासाला ६० मोजण्या आहे. पार्श्वभूमी १० तास आणि चालू पात्र १० तास मोजले तर प्रत्येकी सुमारे ६०० मोजण्या होतील, प्रत्येकीत सुमारे २४ ची अनिश्चितता असेल, आणि फरकातील अनिश्चितता सुमारे ३५ असेल. तिप्पट अनिश्चिततेचा निकष लावला तर १०५ जादा मोजण्या लागतील, म्हणजे पात्रातून तासाला सुमारे १०० न्यूट्रॉन. हा आकडा नीट पाहावा. ज्ञात संमीलनाची एक मिलिवॉट उष्णता सेकंदाला ८५ कोटी न्यूट्रॉन देते, आणि आपला साधासा शोधक मिनिटाला दोनपेक्षाही कमी न्यूट्रॉन ओळखू शकतो. मिलिवॉटपर्यंत पोचलेल्या चांगल्या कॅलरीमापीपेक्षा (उष्णता मोजणाऱ्या उपकरणापेक्षा) तो सुमारे तीन हजार कोटी पटींनी संवेदनशील आहे.

गॅमा किरणांवरून अप्रत्यक्षपणे न्यूट्रॉन दाखवायचे असतील तर यूटातील चूक समोर ठेवावी. न्यूट्रॉन हौदातील पाण्याच्या हायड्रोजनने पकडला की २.२२ एमईव्हीचा गॅमा निघतो, आणि फ्लाइशमन-पॉन्स यांनी तसे शिखर छापले. एमआयटीमधील रिचर्ड पेट्रासो यांच्या गटाने दाखवले की हे शिखर त्या शोधकाला शक्य आहे त्यापेक्षा अरुंद होते, आणि खऱ्या २.२२ एमईव्ही गॅमाबरोबर १.९९ एमईव्हीला जी कॉम्प्टन कडा (शोधकात इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरलेल्या गॅमाची कमाल ऊर्जेची सीमा) दिसायलाच हवी ती नव्हती. म्हणून नेहमी संपूर्ण वर्णपट द्यावा, ज्यात पोटॅशियम-४० ची १.४६ आणि थॅलियम-२०८ ची २.६१ एमईव्हीची नैसर्गिक शिखरे दिसत असतील. ती शिखरे म्हणजे मोजपट्टीवरच्या खुणा आहेत. त्या कापून टाकलेला तुकडा कोणी दाखवला तर उरलेला भाग मागावा.

दोन्ही नोंदी एकत्र वाचणे

एकाच घड्याळावर उष्णता, न्यूट्रॉन, दाब, तापमान, आर्द्रता, प्रवाह आणि विभव यांची नोंद चालवावी आणि पात्रांना आकडे नव्हे तर सांकेतिक खुणा द्याव्यात, जेणेकरून मोजणी वाचणाऱ्याला जड पाण्याचे पात्र कोणते हे कळणार नाही. निकष आधी लिहून ठेवावा: किती जादा उष्णता, किती तास टिकली तर तिला नफा म्हणायचे. निकाल पाहून निकष ठरवला की काहीही सापडते.

उष्णता नाही आणि न्यूट्रॉनही नाहीत, हा सर्वांत संभाव्य निकाल आहे. ब्रिटनमधील हारवेल प्रयोगशाळेने १९८९ मध्ये आणि गूगलच्या अर्थसाहाय्याने काम केलेल्या गटाने २०१९ मध्ये तोच जाहीर केला, आणि तो छापण्यासारखाच असतो. थोडे न्यूट्रॉन आढळले आणि उष्णता नसली तर आधी दाबमापीची नोंद पाहावी. मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात पी. के. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये अनेक गटांनी हा प्रयोग केला. त्यांच्या अहवालात ट्रिटियम आणि न्यूट्रॉन दोन्ही नोंदवले गेले, पण जिथे ही दोन्ही उत्पादने सारखी असायला हवीत तिथे ट्रिटियम लाखो पटींनी अधिक होते. ट्रिटियमची स्वतःची अडचण अशी, की बाजारातील जड पाण्यात ते आधीच थोडे असते आणि विद्युत अपघटनात मागे राहून दाट होत जाते. म्हणून पात्रात भरलेल्या प्रत्येक बाटलीचा नमुना जपून ठेवावा.

उष्णता सर्व कसोट्यांतून टिकली आणि न्यूट्रॉन पार्श्वभूमीइतकेच राहिले, तर ती उष्णता ज्ञात ड्यूटेरियम संमीलनाची नाही एवढेच म्हणता येते. त्यापुढे जाऊन तिला अणुकेंद्रीय म्हणायचे असेल तर राख, म्हणजे अभिक्रियेतून उरणारे उत्पादन, दाखवावी लागते, आणि ती राख हीलियम-४ असल्याचे शीत संमीलनाच्या समर्थकांचे म्हणणे आहे. एका केंद्रकामागे २३.८ एमईव्ही धरले तर एक वॉटला सेकंदाला सुमारे २६ हजार कोटी हीलियम अणू मिळायला हवेत. हवेत मात्र हीलियम आधीच दशलक्ष भागांत पाच भाग असते आणि ते काचेतूनही झिरपते. म्हणून वायूचे नमुने काचेऐवजी धातूच्या कुप्यांत घ्यावेत आणि प्रत्येक नमुन्यात हीलियमबरोबर आर्गॉनही मोजावा. हवेत आर्गॉन जवळपास एक टक्का असतो, त्यामुळे नमुन्यात तो दिसला की हवा कुठून तरी आत आली आहे हे कळते, आणि त्या नमुन्यातील हीलियमचा आकडा तक्त्यात घेण्यापूर्वी गळती शोधावी.